थापेला हुंकार

१

जळगावच्या एका मोठ्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर, डायलिसिसच्या वॉर्डाला लागून, एक खोली आहे. दारावर पाटी नाही. आत दोन खुर्च्या, एक टेबल, तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा आणि खिडकीत बसवलेला घरघरणारा कूलर. या खोलीत बसून धम्मपाल बैसाणे लोकांना एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचा महिन्याचा पगार घ्यायचा.

"किडनी तुम्ही स्वतःच्या मर्जीनं देताय ना?"

हसू नका. प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यावर अख्खा कायदा उभा आहे. ऑपरेशनच्या टेबलावर जाणारा बाकी प्रत्येक माणूस बरा व्हायला जातो. किडनी देणारा एकटाच असा, की धडधाकट आत जातो आणि टाके घेऊन बाहेर येतो, तेही दुसऱ्याच्या भल्यासाठी. म्हणून कायदा म्हणतो, त्याला नातलगांपासून बाजूला काढा, एकट्याला बसवा, कॅमेरा लावा आणि विचारा.

आता कॅमेऱ्यासमोर "नाही" कोण म्हणेल? बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळं गणगोत डबे घेऊन बसलेलं. म्हणून धम्मपालची एक वेगळी रीत होती. कॅमेरा सुरू करायच्या आधी तो कूलर मोठा करी, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. मग खुर्ची पुढे ओढून अहिराणीत विचारी, "आते खरं सांग भो. देवानी शे का नही?" द्यायची आहे का नाही?

दहातले नऊ जण "शे" म्हणत. दहावा रडायला लागे.

त्या दहाव्यासाठी धम्मपालकडे औषध होतं, थाप!

किडनीच्या डॉक्टर रत्नामॅडम कागदावर तीनच शब्द लिहीत, "दाता म्हणून अयोग्य". त्याच्यापुढे पूर्णविराम. का अयोग्य, ते दात्याचं गुपित, आणि गुपित ठेवायला कायद्याची ना नव्हती. पण कॉरिडॉर कुठे कायदा वाचतो? कॉरिडॉर विचारतो, "का म्हणून?" तिथे धम्मपाल उभा राही आणि तोंडी एक कारण सांगे. असं कारण, की रडणारा सुटला पाहिजे आणि घरात त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेने बघता कामा नये. कागदावर खोटं एक अक्षर नाही. खोटं सगळं हवेत.

आणि खोटं बोलण्यात धम्मपालचा हात धरणारा साक्री तालुक्यात जन्मला नव्हता. गावात लहानपणापासून गोठी, म्हणजे गोष्टी, सांगायचा. तिकडे गोठ सांगायची तर समोर हुंकार भरणारा एक माणूस लागतो. सांगणाऱ्याने वाक्य टाकलं, की त्याने "हं" म्हणायचं. हुंकार आला तर गोठ पुढे जाते. हुंकार थांबला, तर सांगणाऱ्याने तोंड मिटायचं, मग राजपुत्र विहिरीत लटकलेला का असेना.

सहा वर्षांत धम्मपालने अकरा जणांना थाप मारून सोडवलं होतं. अकराही थापा त्याला तोंडपाठ होत्या.

२

अकरावा होता पिंपळनेरचा गुलाब. थोरल्या भावाला किडनी द्यायला दोघा मधल्या भावांनी त्याला गाडीत घालून आणला होता. हा तीस वर्षांचा गडी खोलीत आला आणि कूलर मोठा झाल्याबरोबर लेकरासारखा रडला.

"बस, बस. पाणी पी," धम्मपाल म्हणाला. "बाहेर गेल्यावर तोंड उतरलेलं ठेव. खूश दिसलास तर माझी सगळी मेहनत वाया."

मग त्याने भावांना आत बोलावलं आणि चष्मा काढून पुसला. चष्मा पुसणं महत्त्वाचं असतं.

"वाईट वाटतं सांगायला. तपासणीत याच्या डाव्या किडनीत खडा दिसलाय. मोहरीएवढा. आज काही त्रास नाही. पण एक किडनी काढली आणि उरलेलीत खडा अडकला, तर तुमच्या घरात एकाचे दोन पेशंट व्हायचे."

"मोहरीएवढा?" एक मधला भाऊ म्हणाला.

"मोहरीएवढाच. पण मोहरीच तडतडते ना फोडणीत?"

"हं."

धम्मपालला बरं वाटलं. हुंकार आला म्हणजे थाप बसली. त्याने सवयीने हुंकार देणाऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्या मधल्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता. पहिला कपाळ चोळत होता. गुलाब पाणी पीत होता, ग्लास तोंडाला होता.

आवाज खालून आला होता, कूलरच्या बाजूने, जमिनीवर बसलेला माणूस वर मान करून बोलतो तसा.

कूलरमध्ये पाणी कमी झालं की पंप असाच हुंकारतो, धम्मपालने स्वतःला सांगितलं. तो उठला आणि त्याने कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या. टाकी काठोकाठ भरलेली होती. दुसरी बादली सगळी फरशीवर सांडली.

३

चार महिन्यांनी गुलाब पोट धरून आला. सोनोग्राफीवाल्याने धम्मपालला हाक मारली, "अहो भाऊ, तुमच्या पेशंटला खडा आहे. डावीकडे."

"केवढा?"

"हा बघा. मोहरीएवढा म्हणा."

धम्मपाल मोठ्याने हसला. गुलाबही हसला, कळ आली म्हणून थांबला, पुन्हा हसला. "भाऊ, तुमी तर ज्योतिषी निघाले!"

आता यात घाबरण्यासारखं काय? खान्देशातलं ऊन, पिंपळनेरचं पाणी आणि शेतात दिवसभर राबणारा माणूस. खडा व्हायला कितीसा वेळ लागतो? चार महिने पुष्कळ झाले. धम्मपालने ही गोष्ट कॅन्टीनमध्ये तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितली. लोक खो खो हसले.

फक्त एक शब्द त्याला टोचत राहिला. सोनोग्राफीवाला केळीच्या पट्ट्यातला, फैजपूरकडचा. त्याच्या तोंडी खडा मिलीमीटरमध्ये असतो. सहा वर्षांत त्याने कुठल्या खड्याला मोहरी म्हटलं नव्हतं.

४

खडा वाढतो. पण रक्तवाहिनी उगवते का?

जामनेरचे चंपालालजी, कापडाचे मोठे दुकानदार. वर्षापूर्वी त्यांना किडनी द्यायला त्यांची सून आयुषी आली होती. मुलाची जुळत नव्हती, सुनेची जुळली. सून कायद्याने जवळच्या नात्यात मोडत नाही, म्हणून तिला सरकारी समितीपुढे जायचं होतं. समितीच्या आधी ती या खोलीत आली. रडली नाही. फक्त म्हणाली, "काका, मला कुणी जबरदस्ती केली नाही. सगळे फक्त माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत. मला त्याचीच भीती वाटते."

धम्मपालने थाप मारली होती की डाव्या किडनीला एक धमनी असते, हिला तीन आहेत, दोऱ्यासारख्या बारीक, शिवता येणार नाहीत. नवरा मनन हळहळला आणि सून सुटली. चंपालालजींना पुढे बहिणीची मिळाली.

आता आयुषी पित्ताच्या खड्यासाठी आली होती आणि तिचं सीटी स्कॅन झालं होतं. रत्नामॅडमनी धम्मपालला सहज बोलावलं, जाता जाता.

"बघा, तुमची तीन धमन्यांची पोरगी. किती सुंदर दिसतात ना?"

पडद्यावर करड्या पोटात पांढऱ्या रेघा. डाव्या किडनीकडे जाणाऱ्या मोजून तीन.

धम्मपालने त्या पुन्हा मोजल्या. "मॅडम, जुनं स्कॅन काढा. वर्षापूर्वीचं. तिच्या जुन्या स्कॅनमध्ये एकच होती."

"एक कशी असेल?" मॅडमनी जुनं स्कॅन उघडलं. त्यातही तीन होत्या. "मी अयोग्य लिहिलं ते कशावरून?"

"मॅडम, आपण ते असंच... तिला द्यायची नव्हती म्हणून..."

रत्नामॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. ही बाई रागावली की शांत होते. "धम्मपालभाऊ, मी खोटं कधी लिहीत नाही. तीन धमन्या होत्या म्हणून अयोग्य लिहिलं. ते आठवतं मला. तुम्हीच तर बोट ठेवून दाखवल्या होत्या."

"मी?"

"याच खुर्चीत बसून."

धम्मपाल बाहेर आला आणि जिन्यात उभा राहिला. खडा झाला, ठीक. धमनी उगवली, तेही एक वेळ सोडा, कदाचित त्यानेच जुनं स्कॅन नीट पाहिलं नसेल. पण दोन माणसांनी मिळून ठरवलेली गोष्ट एकीच्या डोक्यातून इतकी स्वच्छ पुसली जाते? आणि पुसलेल्या जागी दुसरी आठवण, बोट ठेवून दाखवल्याची, इतकी ताजी?

आता ती थाप होती हे जगात एकट्या धम्मपालला माहीत होतं. आणि जी गोष्ट फक्त थापाड्याला माहीत असते तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? तो स्वतःसुद्धा ठेवेना.

५

त्याने फैजपूरला योगराजला फोन लावला. पाच वर्षांपूर्वीची थाप, हृदयात घरघर ऐकू येते म्हणून सोडवलेला.

"योगराजभाऊ, सहज केला फोन. तब्येत?"

"एकदम झकास! ती हृदयाची गोळी चालू शे ना, सकाळी एक. डॉक्टर म्हणतो वेळेवर सापडलं. तुम्ही नसते तर मी केव्हाच केळीच्या बागेत आडवा झालो असतो. माय शपथ, देवमाणूस तुम्ही!"

त्याने आणखी तिघांना फोन केले. तिघांनी आभार मानले. एकाने तर घरी जेवायला बोलावलं.

मग एका दुपारी धम्मपालने खोलीचं दार लावून परीक्षाच घेतली. कूलरकडे तोंड करून म्हणाला, "माझ्या डोक्यावर काळेभोर केस आहेत." काही नाही. "मी सहा फूट उंच आहे." पंपाची घरघर, बस्स. वेड्यासारखा तो अर्धा तास थापा मारत राहिला आणि टकलावरून हात फिरवत राहिला. हुंकार आला नाही. म्हणजे नुसती थाप चालत नव्हती. कुणाला तरी सोडवायला मारलेली हवी.

त्याने थापा बंद केल्या.

पुढच्याच महिन्यात एक जण रडला. धम्मपालने कॉरिडॉरला सांगितलं, "अयोग्य. कारण सांगता येत नाही." कॉरिडॉरने त्या माणसाला घरी नेलं आणि आठ दिवस कारण विचारलं. नवव्या दिवशी तो स्वतःच परत आला आणि म्हणाला की आता माझी मर्जी आहे. डोळे सुजलेले, आवाज सपाट. कॅमेऱ्यासमोर त्याने "हो" म्हटलं, सही केली, किडनी दिली. कायद्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

त्या दिवशी धम्मपाल जेवला नाही.

६

आणि मग धम्मपालच्या स्वतःच्या घरावर आलं.

थोरला भाऊ पंडित, घरचा नाना, दोन वर्षं धुळ्यात डायलिसिसवर होता. आता सुया टोचायला हातावर जागा उरली नव्हती. धम्मपालला अकरा वर्षांची साखर, तो पहिल्याच दिवशी बाद झाला होता. राहिली धाकटी बहीण सविता, साक्रीकडच्या शाळेत मास्तरीण. तिची जुळली.

नियम असा की आपल्या नातलगाला आपण विचारायचं नाही. त्यासाठी धुळ्याहून सुनंदाबाई यायच्या होत्या, धम्मपालच्या हाताखाली हेच काम शिकलेल्या समन्वयक. पण त्यांच्या आधीच आई, रुक्माबाई, सविताला हाताला धरून घेऊन आली आणि तिने तिला खोलीत ढकललं. "तू एकदा समजावी दे तिले. चार दिवस झायात, धड जेवत नही." आणि दार ओढून ती बाहेर बसली.

धम्मपालने कूलर मोठा केला.

"भाऊ," सविता म्हणाली, "माले नही देवानी."

"का गं?"

"का म्हणजे? भ्याव वाटस. बाकी काही नही. नानावर जीव आहे माझा. पण पोट फाडतील या विचारानं मला वर्गात फळ्यावर लिहिता येत नाही. भीतीला आणखी कारण लागतं का?"

"कायद्याला नाही लागत."

"मायला लागतं." ती त्याच्याकडे झुकली. "तू सांग ना काहीतरी. तुनी थाप कोनी वळखत नही. शाळेतल्या बायका सांगतात, जळगावला तुझा भाऊ गरिबांना सोडवतो. मग मला सोडव ना."

धम्मपालच्या जिभेवर थापा नुसत्या नाचत होत्या. सवयच ती. लघवीतून प्रथिनं जातात. मूत्रपिंडावर जुना व्रण आहे. फुप्फुसात डाग आहे. एकेक थाप ओठापर्यंत येई आणि तो गिळून टाकी. आपल्याच बहिणीला लघवीतून प्रथिनं? व्रण? डाग? त्याने लहानात लहान रोग शोधला. पण किडनी नाकारायला पुरेल एवढा लहान रोग नसतोच. पुरेल तो मोठा असतो.

आणि खरं सांगावं? बाहेर ती म्हातारी बसली होती. ती एक शब्द बोलली नसती. फक्त दर सणाला, दर जेवणाला, नानाच्या रिकाम्या पाटाकडे बघून मग सविताकडे बघितलं असतं. पुढची वीस वर्षं.

"बोल ना भाऊ!"

कूलरशेजारी काहीतरी सरकलं. कापड फरशीवर घासल्यासारखं. कुणीतरी गोठ ऐकायला सावरून बसावं तसं.

सविताने ते ऐकलं नाही. धम्मपालने ऐकलं, आणि गंमत बघा, भीतीने मरायच्या ऐवजी त्याच्या अंगात वीज खेळली. अरे, थाप कुणाच्या अंगावर मारायची हे कुणी ठरवलं? आजवर आपण दात्याच्याच अंगावर मारत आलो. रिवाज म्हणून!

त्याने दार उघडलं. "माय, आत ये."

७

रुक्माबाई आत आली. धम्मपालने चष्मा पुसला.

"माय, सविताची नको. गरजच नाही. माझी साखर गेली."

"गेली? कोठे गेली?"

"गेली म्हणजे कधी नव्हतीच. मागच्या वेळी बाटल्यांची अदलाबदल झाली होती, दुसऱ्याचं रक्त माझ्या नावावर लागलं. मी एकदम ठणठणीत आहे. वय एकोणपन्नास, रक्तगट जुळतो. नानाला किडनी मी देणार."

आयुष्यात हजार थापा मारल्या, पण हुंकाराची एवढी वाट कधी पाहिली नव्हती. आईची सुरकुतलेली हनुवटी हलत होती. सविताने पदर तोंडाशी धरला होता. कूलरची पाती फिरत होती.

एक. दोन. तीन.

"हं."

स्वच्छ, जवळून, अगदी त्याच्या गुडघ्याशेजारून.

धम्मपाल टाळी वाजवून हसला. आईने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सविता बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडली, पण हे रडणं वेगळं होतं. दुपारी तिने चार पुऱ्या जास्तीच्या खाल्ल्या.

रक्त गेलं, रिपोर्ट आले. उपाशीपोटीची साखर नव्वद. तीन महिन्यांची सरासरी, तीही निर्मळ.

"मला अकरा वर्षं साखर होती ना, मॅडम?" त्याने मुद्दाम विचारलं.

"तुम्हाला?" रत्नामॅडम हसल्या. "दिवसाला चार चहा पिता, तेही दोन चमचे साखरेचे. काहीही सांगता!"

त्याने खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. ती ॲसिडिटीची निघाली.

काय सांगू त्याला झालेला आनंद! कॉरिडॉरमधून तो शीळ घालत गेला. बहीण वाचली, भाऊ वाचणार, आणि स्वतःला फुकटात नवं कोरं शरीर! जगात कुणी एवढी मोठी थाप मारून पचवली होती?

घरी गेल्यावर आरशासमोर शर्ट काढताना मात्र त्याचा हात बटणावर थांबला. नवं कोरं. म्हणजे जुनं कुठे गेलं? हे जे पोट दिसतंय ते त्याचं नव्हतं. त्याच्या पोटात साखरेने अकरा वर्षं पोखरलेल्या किडन्या होत्या. या पोटात ज्या होत्या, त्या थापेच्या होत्या. महिन्याभरात डॉक्टर हे पोट उघडणार. आणि थाप उघडली की आत काय निघतं, ते थापाड्याएवढं कुणाला माहीत असतं?

८

सुनंदाबाई ठरल्या दिवशी सकाळी अकराला आल्या. या खेपेला धम्मपाल दात्याच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची इतकी बुटकी आहे हे त्याला सहा वर्षांत कळलं नव्हतं. या खुर्चीतून समोरचा माणूस फार उंच दिसतो.

बाईंनी कॅमेरा बंदच ठेवला आणि कूलर मोठा केला. "सर, तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारते. खरं सांगा. द्यायची आहे का?"

धम्मपालने तोंड उघडलं आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. द्यायची नव्हती. आठ रात्री त्याला झोप नव्हती. पोटावरून हात फिरवला की आत काहीतरी हात चुकवून बाजूला होतंय असं वाटायचं. सविताची भीती होती, अगदी तीच. नाव नाही, कारण नाही, नुसती भीती.

त्याच्या चेहऱ्यावरूनच बाईंना कळलं. बाई हुशार.

"नको असेल तर सोप्पं आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी बाहेर सांगते, साखर थोडी वर आली. घरचे काय वाचायला बसलेत रिपोर्ट?"

केवढी सोपी सुटका! धम्मपालने दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून कॉरिडॉरचा बाक दिसत होता. त्यावर सविता, आईला चहाचा कप धरून देत होती. चेहरा टवटवीत. फळ्यावर पुन्हा अक्षर उमटायला लागलेली बाई. तो या खुर्चीतून उठला, तर अर्ध्या तासात आई तिला पुन्हा हाताला धरून इथे बसवणार होती.

"कॅमेरा लावा," तो म्हणाला.

"सर, नक्की?"

"लावा हो बाई."

कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्याच्याकडे वळवलेला होता. दात्याला स्वतःचं चित्र दिसलं पाहिजे, ही त्याचीच सूचना. त्यात दिसत होती टेबलाची कड, बाईंची पाठ, तो स्वतः, घामेजलेला. आणि चित्राच्या डाव्या काठाला, कूलरखाली, दोन गुडघे.

उकिडवं बसलेल्या माणसाचे गुडघे. त्यांभोवती हातांची मिठी. बोटं एकमेकांत गुंतवलेली, निवांत. हनुवटी गुडघ्यांवर टेकायला खाली येत होती. तिच्या वरचं काही चित्रात मावत नव्हतं, पण हनुवटीचा कल त्याच्याकडे होता. लेकरं गोठ ऐकताना सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, तसा.

धम्मपालने मान वळवून प्रत्यक्ष पाहिलं. कूलर. फरशी. फरशीवर ओलावा, दोन पावलं मावतील एवढा.

"धम्मपाल बैसाणे," सुनंदाबाईंनी कागदावरून वाचलं, "आपण आपली किडनी आपल्या भावाला कोणत्याही दबावाशिवाय, आमिषाशिवाय, स्वतःच्या मर्जीनं देत आहात का?"

हा प्रश्न त्याने किती जणांना विचारला होता. उत्तर देणाऱ्याची जीभ टाळूला कशी चिकटते हे तो आज शिकला.

सविताला सोडवायचं होतं. त्याच्यापाशी त्यासाठी एकच वस्तू होती, तीच त्याने काढली.

"हो," तो म्हणाला. "अगदी मनापासून. आनंदानं देतोय."

थाप होती. आयुष्यातली सगळ्यात सरळ, सगळ्यात छोटी थाप.

आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्याला उमगलं की आपण काय केलं. या खेपेला थाप शरीराबद्दल नव्हती, मनाबद्दल होती. त्याने हात वर केला, म्हणायला, की थांबा, बाई, कॅमेरा बंद करा, हे नको, हे तरी माझं राहू द्या...

"हं."

हात वरच राहिला. मग त्या हाताने काय करायचं होतं ते त्याला आठवेना, म्हणून त्याने तो केसांवरून, म्हणजे टकलावरून फिरवला.

काय छान सकाळ होती! कूलरची हवा कशी गार लागत होती! त्याच्या छातीतून आनंद उसळून येत होता, उकळी फुटावी तसा, कानापर्यंत. त्याने मनात भीती चाचपून पाहिली. आत्ता तर होती. दात पडल्यावर जीभ त्या जागी जाते तसा तो पुन्हा पुन्हा तिथे गेला. तिथे गुळगुळीत होतं. या खुर्चीत दोन मिनिटांपूर्वी एक माणूस बसला होता, त्याला किडनी द्यायची नव्हती. ते धम्मपालला चांगलं आठवत होतं. त्याचा घाम आठवत होता, नाव आठवत होतं. पण गावातल्या कुणा मेलेल्या माणसाची आठवण यावी तशी. कायद्याने त्या माणसालाही विचारायला हवं होतं. पण आता त्याला कुठल्या खुर्चीत बसवणार?

सुनंदाबाईंनी कागद पुढे केले. त्याने झरझर सह्या केल्या, एकीखाली लफ्फेदार रेघसुद्धा ओढली.

"सर," बाई त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, आणि का कोण जाणे, त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे घेतली, "एवढा खूश दाता मी आजवर पाहिला नाही."

"अहो, खूश तर असणारच!" धम्मपाल खुर्चीच्या अगदी काठावर आला होता, डोळे चमकत होते, दोन्ही हात पोटावर. "बाई, ती ऑपरेशनची तारीख. जरा अलीकडची नाही का मिळणार? आजची?"